काढलेल्या भिंगाच्या जागी



आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना एक चष्मा खात्रीने आठवत असेल. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा, त्या काचांमागे बटाट्याएवढे दिसणारे डोळे, आणि काडी तुटू नये म्हणून मागे बांधलेला दोरा. मोतीबिंदू काढलेल्या माणसाची ती खूण होती. माझ्या आजीला असा चष्मा होता. ऑपरेशननंतर ती कपात चहा ओतू लागली की हटकून बशीच्या बाहेर ओतायची. आम्ही पोरे हसायचो आणि ती म्हणायची, "अरे, कप मला इथे दिसतो आणि असतो तिथे!" तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे मला फार उशिरा कळले.

मी वैद्यकाचा माणूस नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते डॉक्टरांच्या दृष्टीने नव्हे, तर आपण घरात पाहिलेला तो चष्मा नाहीसा कसा झाला, या कुतूहलाने सांगणार आहे. तो ज्या माणसामुळे नाहीसा झाला त्याचे नाव हॅरोल्ड रिडली. लंडनच्या सेंट थॉमस आणि मूरफील्ड्स या दोन रुग्णालयांतील नेत्रशल्यविशारद. त्याने केलेले काम आज जगात रोज हजारो वेळा होते आणि ज्यांच्या डोळ्यांत होते त्यांतील बहुतेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसते.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते गढूळ झाले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. यावर मनुष्याने शोधलेला पहिला उपाय म्हणजे ते गढूळ भिंग वाटेतून बाजूला सारणे. सुश्रुतसंहितेत यववक्त्र, म्हणजे जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या, शलाकेने डोळा विंधण्याचा विधी सांगितला आहे. पुढे हेच तंत्र फिरत्या नेत्रवैद्यांच्या हातांत आले आणि आपल्या देशात गावोगाव शेकडो वर्षे चालू राहिले. भिंग डोळ्याच्या आतल्या भागात ढकलले जाई. रोगी "दिसले" म्हणे, आणि वैद्यबुवा दुसऱ्या गावाला जात. मागाहून तो डोळा कित्येकदा सुजून निकामी होई. पण तोवर वैद्यबुवांचा पत्ता लागत नसे. अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने भिंग ढकलण्याऐवजी छेद घेऊन बाहेर काढण्याची रीत रूढ केली. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच देशात, पंजाबातील जालंधरला, हेन्री स्मिथ नावाच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टराने भिंग त्याच्या पातळ पिशवीसकट अख्खे बाहेर काढण्याचे तंत्र हजारो डोळ्यांवर चालविले. युरोप-अमेरिकेतले डॉक्टर ते पाहायला जालंधरला येत. पिशवी मागे उरत नसल्यामुळे ती पुन्हा गढूळ होण्याची भीती नाही, म्हणून ही रीत अधिक आधुनिक समजली गेली. स्मिथचे हे पिशवीचे प्रकरण कृपा करून ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान होती. प्रत्येकीत काहीतरी काढले जाई; घातले काहीच जात नसे. डोळ्याची प्रकाश वळविण्याची जी एकंदर शक्ती आहे, तिचा सुमारे एक तृतीयांश भाग या भिंगाचा. तेवढी शक्ती गेली की डोळ्यासमोर सगळा धूर. मग ती शक्ती बाहेरून, चष्म्याच्या जाड काचेने भरून काढायची. पण काच डोळ्याच्या पुढे असल्यामुळे प्रत्येक वस्तू पाव हिश्शाने मोठी दिसे, आणि म्हणून जवळ वाटे. आजीचा कप तो हाच. काचेच्या कडेशी एक आंधळे कडे असे. बाजूने येणारा माणूस काही क्षण दिसेनासा होई आणि एकदम समोर उभा ठाके. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर दुर्दशा अधिक. एक डोळा मोठे चित्र दाखवी, दुसरा लहान, आणि मेंदूला दोहोंचा मेळ घालता येत नसे. डॉक्टर लोक अशा ऑपरेशनला यशस्वी म्हणत. रिडलीच्या मते ते अर्धे यश होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या "अर्धे" शब्दात आहे.

हॅरोल्ड रिडलीचा जन्म १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडातील लेस्टरशायरमध्ये झाला. वडील आरमारात शल्यवैद्य होते आणि पुढे लेस्टरला नेत्रचिकित्सक म्हणून स्थिरावले. म्हणजे विद्या घरातलीच. केंब्रिजला पेंब्रोक कॉलेजात शिक्षण, पुढे सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकाचा अभ्यास, आणि ऐन तिशीत मूरफील्ड्ससारख्या नामांकित नेत्ररुग्णालयात जागा. सरळ, गुळगुळीत रस्ता होता. या रस्त्याने जाणारी माणसे वृद्धापकाळी मानसन्मान घेऊन निवृत्त होतात आणि इतिहासाला त्यांची आठवण ठेवण्याचे कारण पडत नाही.

युद्धाने हा रस्ता मोडला. लष्करी वैद्यकीय सेवेत रिडलीची नेमणूक पश्चिम आफ्रिकेत, गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये झाली. नेत्रशल्यविशारदाला तिथे लढाईच्या जखमा फारशा मिळत नव्हत्या. दुसरा कोणी असता तर बदलीची वाट पाहत बसला असता. रिडली देशाच्या उत्तर भागात, फुन्सी परिसरात गेला. तेथे वाहत्या नद्यांच्या काठी एक बारीक काळी माशी असते. ती चावली की तिच्याबरोबर सूक्ष्म कृमी अंगात शिरतात, आणि वर्षानुवर्षांनी ते डोळ्यापर्यंत पोचतात. नदीकाठची सुपीक जमीन टाकून गावेच्या गावे उठून जात, कारण तिथे राहणारे कित्येक जण आंधळे होत. रिडलीने त्या रुग्णांच्या डोळ्यांची तपासणी केली, नेत्रपटलावरील बदलांची चित्रे काढून घेतली आणि १९४५ मध्ये त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्या रोगात डोळ्याच्या तळाशी जे विशिष्ट रूप दिसते त्याला पुढे रिडलीचेच नाव मिळाले. त्याच वर्षी तो ब्रह्मदेशात, रंगूनला होता. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबविलेले युद्धकैदी सुटून येत होते. उपासमारीने त्यांची दृष्टी मंदावली होती. त्यांची तपासणी करून त्याने तेही लिहून ठेवले.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगत आहे. रिडली म्हणजे एका चमत्काराचा धनी, अशी त्याची गोष्ट सहसा सांगितली जाते. विमान पडले, वैमानिकाच्या डोळ्यात काच गेली, डॉक्टराला साक्षात्कार झाला! वस्तुतः समोर आलेला डोळा नीट पाहायचा आणि जे पाहिले ते लिहायचे, ही सवय त्याला आधीपासून होती. साक्षात्कार अशाच माणसांना होतात.

तरी विमानाची गोष्ट खरी आहे. १५ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनच्या आकाशातील त्या प्रसिद्ध लढाईत, गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या विमानावर गोळ्या आल्या आणि डोक्यावरचे पारदर्शक छप्पर फुटले. (सर्वत्र स्पिटफायर विमान म्हणून सांगतात, क्लीव्हर हरिकेन चालवीत होता. स्पिटफायर हे नाव अधिक गाजलेले, म्हणून गोष्टीने ते उचलले.) छप्पर पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे होते. त्याचे तुकडे क्लीव्हरच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. दुसरा वाचला, पण तुकडे आतच राहिले. अशा जखमा झालेले वैमानिक रिडलीच्या नजरेखाली आले, आणि त्याच्या ध्यानात आले की आत राहिलेले हे तुकडे डोळ्याला चिडवीत नाहीत. लोखंडाचा किंवा तांब्याचा कण आत राहिला तर डोळा नासतो, हे सर्वांना माहीत होते. पर्स्पेक्स मात्र टोकाने डोळ्याच्या एखाद्या नाजूक भागाला टोचत नसेल तर वर्षानुवर्षे गप्प पडून राहत होते.

नेत्रशल्यविद्येचा त्या वेळचा पहिला धडा काय होता? डोळ्यात परकी वस्तू असेल तर ती काढा. रिडली पाहत होता तो या धड्याला अपवाद होता. आणि त्या अपवादातून एक भयंकर प्रश्न निघत होता. परकी वस्तू आपण होऊन आत का ठेवू नये?

हा प्रश्न त्याने मनात किती दिवस बाळगला असेल ते असो. त्याला तोंड फुटले एका विद्यार्थ्यामुळे. सेंट थॉमसमध्ये स्टीव्ह पॅरी नावाचा विद्यार्थी मोतीबिंदूचे ऑपरेशन प्रथमच पाहत होता. गढूळ भिंग बाहेर आले, जखम बंद झाली. तेव्हा त्याने विचारले की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे घालता येत नाही का? शिकलेल्या माणसांनी हा प्रश्न विचारणे सोडून दिले होते. ज्याला अजून काही ठाऊक नव्हते त्याने विचारला.

पुढचे काम रिडलीने गुपचूप केले. रेनर या चष्म्याच्या जुन्या कंपनीतील जॉन पाइक यांच्याशी त्याने लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये मोटारीत बसून बोलणी केली. आय. सी. आय. कंपनीतील जॉन होल्ट यांनी अधिक शुद्ध स्वरूपाचे पर्स्पेक्स तयार करून दिले. रिडलीने पेटंट घेतले नाही, आणि रेनरनेही यात नफ्याकडे पाहिले नाही. जगातील सर्वांत जास्त बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम अवयवांत ज्याची गणना होते, त्याचा जन्म एका उभ्या मोटारीत, कागदपत्रांशिवाय व्हावा याची मला मोठी गंमत वाटते.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंचा मोतीबिंदू काढून ते भिंग बसविण्याचा प्रयोग झाला. रिडली सावध होता; कायमचे रोपण त्याने दुसऱ्या टप्प्यावर ठेवले, आणि ते ८ फेब्रुवारी १९५० रोजी केले. भिंग जिथल्या तिथे बसले. डोळा शांत राहिला. पण नजर? नजर भलतीच अधू निघाली. रिडलीने आपल्या भिंगाचा बाक नैसर्गिक भिंगाच्या मापावरून घेतला होता, आणि प्लास्टिक प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा अधिक वळविते. त्यामुळे भिंग फारच जोरकस झाले आणि बाईंना पराकाष्ठेची लघुदृष्टी आली. दूरचे पाहण्यासाठी जाड चष्मा पुन्हा नाकावर! थट्टा करणाऱ्याला याहून चांगली संधी मिळाली नसती. परंतु हा दोष गणिताचा होता आणि गणित सुधारता येते. डोळ्याने परके भिंग स्वीकारले की नाही हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिळाले होते. पुढच्या भिंगांचा बाक कमी केला आणि माणसांना दिसू लागले.

आता स्मिथच्या पिशवीकडे येऊ. भिंग बसवायचे तर त्याला टेकायला काहीतरी पाहिजे. भिंगाची पिशवी अख्खी काढून टाकली तर मागे आधारच उरत नाही. म्हणून रिडलीने पुढारलेली समजली जाणारी रीत सोडली आणि दाव्हिएलच्या जुन्या वळणावर गेला. पिशवीचा मागचा पापुद्रा शिल्लक ठेवायचा आणि त्यावर भिंग टेकवायचे. समव्यवसायी म्हणाले, हा मनुष्य दोन पावले मागे चालला आहे. आज जगभर पिशवी राखूनच ऑपरेशन होते.

दोन वर्षे वाट पाहावी, निकाल पक्के करावेत आणि मग जाहीर करावे, असा रिडलीचा बेत होता. तो फसला एका विलक्षण योगायोगाने. त्याच्या एका रुग्णाने तपासणीसाठी रिडली या नावाच्या डॉक्टराची वेळ घेतली, आणि तो चुकून गेला फ्रेडरिक रिडली नावाच्या दुसऱ्याच नेत्रचिकित्सकाकडे! डोळ्यात चमकणारे प्लास्टिक पाहून त्या गृहस्थांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. गुपित फुटले. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रवैद्यक परिषदेत रिडलीला आपले काम घाईने मांडावे लागले. त्याने नुसते निबंधवाचन केले नाही, रुग्णही बरोबर नेले होते. या आणि बघा.

फारसे कोणी बघितले नाही. इंग्लंडातील नेत्रवैद्यकाचे त्या काळचे अध्वर्यू सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर होते. त्यांचा ग्रंथ म्हणजे त्या विद्येचा वेद, आणि लंडनची नेत्रसंस्था त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी विरोध केला, आणि त्यांचा विरोध म्हणजे बहुतेकांचा विरोध. पुढच्या वर्षी अमेरिकेत, शिकागोच्या परिषदेतही कठोर टीका झाली. अविचारी, धाडसी, रुग्णाच्या जिवाशी खेळणारा, अशी विशेषणे रिडलीच्या वाट्याला आली.

अशा ठिकाणी वक्त्याला एक मोह पडतो. एका बाजूला द्रष्टा आणि दुसऱ्या बाजूला मूढांची सभा असे चित्र रंगवावे आणि टाळ्या घ्याव्यात. तो मोह मी टाळणार आहे, कारण विरोधक सर्वस्वी चुकले नव्हते. रिडलीचे भिंग आठ मिलिमीटरहून थोडे अधिक रुंद आणि जाड होते, शंभर मिलिग्रॅमहून जड होते, आणि त्याला पकडून ठेवणारे हात नव्हते. काही डोळ्यांत ते घसरून आत पडे. पर्स्पेक्स उष्णतेने वाकते, त्यामुळे ते रसायनात बुडवून निर्जंतुक करीत. त्या रसायनाचा अंश राहून काही डोळे सुजत. भिंगे परत काढावी लागली. काही डोळे गेले. ज्याचा डोळा गेला त्याला आपण इतिहासाच्या उष:काली आहोत हे सांगून काय उपयोग? मोतीबिंदूचे रूढ ऑपरेशन, जाड चष्म्यासकट का होईना, बऱ्याच अंशी भरवशाचे झाले होते. आणि रिडली त्या भरवशात जुगार मिसळीत होता. असे म्हणणाऱ्या डॉक्टराला मी मूर्ख म्हणणार नाही. दोन वर्षांची गुप्तताही रिडलीला भोवली. गुपित ठेवणाऱ्याविषयी लोक सहजच वाईट कल्पना करतात.

मग विरोधकांचा अपराध कोणता? त्यांनी तपासायचे नाकारले, हा. भिंग घसरते तर ते का घसरते, सूज येते तर कशाने येते, हे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. तत्त्वतःच त्याज्य, असा निकाल देऊन ते मोकळे झाले. या प्रश्नांची उत्तरे शोधली ती दूरदूरच्या मोजक्या माणसांनी. हॉलंडात बिंकहॉर्स्ट, इटलीत स्त्राम्पेल्ली, दक्षिण आफ्रिकेत एप्स्टाइन, रशियात फ्योदोरॉव्ह, आणि इंग्लंडात रिडलीचा खंदा शिष्य पीटर चॉइस. कोणी भिंग बुबुळापुढे बसविले, कोणी बुबुळालाच अडकविले. या वाटांनीही डोळ्यांचे नुकसान केले, काहींनी तर रिडलीच्या वाटेपेक्षा अधिक. १९६६ मध्ये लंडनला या उपेक्षितांनी आपली एक आंतरराष्ट्रीय मंडळी स्थापन केली, तेव्हा एका मोठ्या टेबलाभोवती सगळी मावली असतील. साठीच्या दशकाच्या मध्याला रिडलीने शेकडो रोपणांनंतर आपले मूळ भिंग वापरणे थांबविले. १९७१ साली तो निवृत्त झाला आणि सॉल्सबरीजवळच्या खेड्यात जाऊन मासे पकडू लागला.

निवृत्तीच्या वेळी आपला प्रयत्न फसला असेच त्याला पुष्कळदा वाटले असेल. आणि नेमके त्यानंतर वारे फिरले. अमेरिकेत चार्ल्स केलमन याने १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत दाखविली होती. त्यामुळे पिशवी राखणे सोपे झाले. सत्तरीच्या दशकात पियर्स आणि शीअरिंग यांनी भिंगाला आधाराचे हात देऊन ते पुन्हा बुबुळाच्या मागे, रिडलीने निवडलेल्या मूळ जागी नेले. १९८१ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने कृत्रिम भिंगांना मान्यता दिली. पंचवीस वर्षे भलत्या जागा धुंडाळून सगळे जिथून निघाले तिथे परत आले.

मानसन्मानही आले, पण रांगेत मागे उभ्या राहिलेल्या माणसासारखे. १९८६ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. २००० साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, त्याला सर ही पदवी मिळाली. मधल्या काळात त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि ज्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने पहिले भिंग बसविले तिथेच त्याच्या डोळ्यांत भिंगे बसविली गेली. २५ मे २००१ रोजी तो वारला.

आपल्या देशाशी या गोष्टीचा धागा मागाहून जोडला गेला, तो फार महत्त्वाचा आहे. भिंग मान्य झाले तरी परदेशातून येणारे भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडे. आपल्याकडे मोतीबिंदूने अंधत्व आलेल्यांत बहुसंख्य शेतावर राबणारी माणसे. त्यांना शिबिरात फुकट ऑपरेशन मिळे, पण भिंग नाही. पुन्हा तोच जाड चष्मा, आणि तो फुटला की पुन्हा अंधार. मदुराईला डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले होते. संधिवाताने या गृहस्थांची बोटे वाकडी झालेली. त्याच बोटांनी त्यांनी शस्त्रक्रिया शिकून घेतली होती. १९९२ मध्ये या संस्थेने ऑरोलॅब काढून तिथेच भिंगे बनवायला आरंभ केला आणि किंमत दहा डॉलरच्या घरात आणली. हळूहळू आपल्या नेत्रशिबिरांतही चष्म्याच्या जागी भिंग आले. ज्या खेड्यात माझी आजी दोरा बांधलेला चष्मा सांभाळीत होती, तिथल्या म्हाताऱ्या आता सकाळी तालुक्याला जातात आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसतात.

शेवटी त्या वैमानिकाविषयी सांगतो, कारण व्याख्यानानंतर त्याच्याविषयी नेहमी विचारणा होते. क्लीव्हर जगला, एका डोळ्यावर आयुष्य काढले. म्हातारपणी त्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १९८७ मध्ये एरिक आर्नॉट या शल्यविशारदाने तो काढला आणि त्या जागी एक कृत्रिम भिंग बसविले. जखम होऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती. क्लीव्हरला पुन्हा स्वच्छ दिसू लागले.